चेक म्हणलं की झालं

“परत,” दाजी म्हणाले. “एकपासनं परत.”

मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर होतो. एक पाय जमिनीवर, एक अजून लोखंडावर. उन्हानं ते लोखंड असं तापलेलं की तळवे भाजून निघाले होते. मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. मेव्हण्याची नाही करायची तर कुणाची करायची! पण दाजींच्या तोंडाकडं बघितलं, तर ते काही थट्टेचं तोंड नव्हतं.

“काय परत?”

“चेक.”

“अवो, आत्ता तर केलं! सोळाच्या सोळा. तुम्ही खालनं आकडा म्हणला, मी वरनं चेक म्हणलं. सगळी जत्रा ऐकत होती.”

“मी पण ऐकलं. परत कर.”

आता तुम्हाला आधी जागा सांगतो. बोरजाईची जत्रा. तीस वर्षं होऊन गेली असतील. बापूशेठचा आकाशपाळणा होता, सोळा पाळण्यांचा. बाळकू मिस्त्री, म्हणजे माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, पाळण्याचे मिस्त्री. अक्का तिकिटाच्या खोक्यात बसायची. मी दाजींच्या हाताखाली नऊ वर्षं. नऊ वर्षं! लग्न झालं, दोन पोरं झाली, तरी मोठा पाना ह्या माणसानं कधी माझ्या हातात दिला नाही. “थांब जरा,” म्हणायचे. नऊ वर्षं थांबलो की जरा होतं का नाही, सांगा तुम्हीच.

इंग्रजी म्हणाल तर आमच्या धंद्यात हा एकच शब्द. चेक. चाकाच्या कडेला पाळणे टांगलेले असतात. एकेक पाळणा दोन पिनांवर लोंबतो, डावीकडं एक, उजवीकडं एक, आणि पिन सरकू नये म्हणून तिच्या टोकाला तारेचा चाप. खांबाला दोन पुरुष उंचीवर फळी बांधलेली. एकानं त्या फळीवर उभं राहायचं. खालनं दोन गडी चाक हातानं फिरवणार आणि एकेक पाळणा फळीसमोर आणून थांबवणार. मिस्त्री आकडा म्हणणार, “एक?” वरच्यानं दोन्ही पिना ओढून बघायच्या, चाप बघायचे आणि ओरडायचं, “चेक!” “दोन?” “चेक!” असं सोळापर्यंत. मग इंजिन चालू.

हे मी इतक्या वेळा केलं होतं की बायको म्हणायची, झोपेत पण तुम्ही चेक चेक ओरडता, पोरं उठत्यात.

तर त्या दिवशीही सोळा झाले. शिडी उतरत होतो तेव्हा दाजींनी खालनं आणखी एकदा आवाज दिला, त्यालाही मी चेक म्हणलं. आणखी काय पाहिजे माणसाला?

आणि म्हणे परत.

“दाजी, चार वाजायला आले,” मी म्हणलं. “पाचला पालखी निघंल. त्याच्या आत मानाचा फेरा झाला पाहिजे.”

“ठाव हाय.”

“ठाव हाय तर मग?”

“चढ.”

मानाचा फेरा म्हणजे असं, की त्या गावात पाळण्याचा पहिला फेरा देवीच्या मानकरणीचा. पालखी देवळातनं निघायच्या आत तिला एक फेरा मारून खाली उतरवायचं, मग ती पालखीपुढं चालणार. हे चुकलं की पुढच्या साली जागा दुसऱ्या पाळणेवाल्याला. गावानं तसं बापूशेठला आधीच बजावलेलं. मानकरीण होत्या सरपंचांच्या आई, तानूबाई. नव्वदीच्या म्हाताऱ्या, हिरवंगार लुगडं नेसून, दोन पणत्या, म्हणजे नातवाच्या पोरी, मांडीवर घेऊन, तिकिटाच्या खोक्याशेजारी खुर्ची टाकून कवाच्या बसल्या होत्या.

“काय रं पोरांनो,” म्हातारी ओरडली, “मी मरायच्या आदी बसिवताय का नंतर?”

लोक हसले. मला हसायला आलं नाही. मी चढलो.

डोकं असं फिरलेलं होतं! फळीवर उभा राहिलो आणि ठरवलं, आता असा ओरडतो की देवळातल्या देवीलाही ऐकू गेलं पाहिजे. “एक?” “चेक!” “दोन?” “चेऽक!” गडी चाक ढकलतायत, घाम गाळतायत. पलीकडं हलगी वाजतेय, भेळवाल्याचा भोंगा चालू. खाली बघितलं तर तालुक्याचे साहेब जीपमधनं उतरले होते. पाळणा फिरवायच्या परवानगीचा कागद त्यांच्या हातात. सोळावा चेक मी असा दणकून दिला की साहेबांनी वर मान करून बघितलं. झालं. शिडीला पाय लावला. पाठीमागनं दाजींचा आवाज आला, मी उतरता उतरता चेक म्हणलं आणि खाली उडी टाकली.

“बास?” म्हणलं.

दाजी इंजिनाला टेकून उभे. डावा गुडघा त्यांचा आदल्या साली इंजिनाच्या पट्ट्यात सापडला होता, तेव्हापासनं त्यांना शिडी चढता यायची नाही. उभं राहायलाही आधार लागायचा.

साहेबांनी कागद पुढं केला. “मिस्त्री, इथं सही करा. मला अजून दोन गावं करायची आहेत.”

“काय लिवलंय साहेब?”

“चेक्ड लिहिलंय. म्हणजे चेक केलं. खाली मिस्त्रीची सही. तुम्ही केली की मी शिक्का मारतो.”

दाजींनी कागद हातात घेतला. उलटा का सुलटा तेही त्यांना कळत नव्हतं. तरी बराच वेळ बघितला आणि परत दिला.

“झालं न्हाई साहेब.”

“काय झालं नाही?”

“चेक.”

बापूशेठ तिथंच होते. जाड माणूस. चिडला की आधी कान लाल व्हायचे. ते लाल झाले.

“बाळकू, दोनदा झालंय! माझ्या डोळ्यांदेखत झालंय!”

“माझं मन भरंना, शेठ.”

“मन भरंना? हितं काय जेवायला बसलायस व्हय रं? दोनदा चेक केल्यावर आणखी काय चेक करायचं ऱ्हातंय? तू सांग साहेब, चेक म्हणजे काय असतंय?”

शेठ चिडले की साहेबालाही अरेतुरे करायचे. साहेबांनी घड्याळ बघितलं. “चेक म्हणजे चेक हो. केलं की सही करायची.”

“ऐकलंस? चेक म्हणजे सही. दोन अक्षरं काढ आन मोकळा हो.”

अक्का खोक्यातनं बोलली, “आमच्यात आमटीतलं मीठ चेक करत्यात. जिभंला लावल्याबिगर कळत न्हाई.”

“तू तिकिटं फाड, हौसा!” शेठ तिच्यावर ओरडले.

“फाडते की. फेरा तर सुरू करा.”

मला तर तेव्हा सगळ्यांचाच राग आला होता. अक्काचा पण. नवऱ्याची बाजू घेते आणि वर चढून हात भाजून आलेल्या भावाकडं बघत पण नाही. मी दाजींजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणलं, “दाजी, माझ्यावर राग काढताय का? असला काय तर घरी काढा. जत्रंत माझी अब्रू घालवू नका.”

“तिसऱ्यांदा चढशील?” दाजी म्हणाले.

“न्हाई.”

“सर्जा, चढ.”

“कशासाठी ते सांगा, चढतो.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, शेठकडं बघितलं, खोक्यातल्या अक्काकडं बघितलं. आणि म्हणाले, “मन भरंना, एवढंच.”

आता ह्याला काय म्हणायचं? तुमच्या मनाला भरायला काय टोपलं लावू? मी वैतागून इंजिनाच्या चाकावर लाथ मारली. पायाला लागली. आणखी चिडलो.

तिकडं देवळात घंटा वाजायला लागली. पालखी सजल्याची खूण. तानूबाई उठून उभ्या राहिल्या, परत बसल्या. सरपंच लांबनं हात करून विचारत होते, काय झालं? लोकांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. एकजण ओरडला, “मिस्त्रीला घाबरायला होतंय का? आम्ही धरून बसिवतो!”

शेठनी साहेबांच्या हातातला कागद घेतला आणि पेन माझ्यापुढं धरलं.

“सर्जेराव.”

जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं मला सर्जेराव म्हणलं असेल.

“तुला सही येती?”

“येती. तिसरी झालीय माझी.”

“साहेब, ह्याची चालंल?”

“मिस्त्री म्हणून कुणाची तरी पाहिजे. मला नाव कुणाचंही चालतं.”

“मग आजपासनं मिस्त्री तू. बाळकू, पाना दे त्याला. आन उद्या सकाळच्या गाडीनं गावाला जा. तुझ्या मनाला गावाकडं भरवत बस.”

खोक्यात तिकिटाचं पुस्तक खाली पडल्याचा आवाज आला. अक्का उभी राहिली होती. एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. ते बघणं मला आवडलं नाही. पण खोटं कशाला सांगू, पोटात गुदगुल्या झाल्या. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली, ते पेनाच्या टोकाएवढ्या अंतरावर आलं होतं.

“पाना घे ये,” दाजी म्हणाले आणि लंगडत इंजिनाच्या पाठीमागं गेले. मी गेलो.

पाना तिथं पोत्यावर ठेवलेला असायचा. हाताएवढा लांब, दाजींच्या तळव्यानं मूठ काळी गुळगुळीत झालेली. त्यांनी तो उचलला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि माझ्या हातात दिला. जड होता. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा जड.

“सर्जा, आपलं पाळणं किती?”

“आता हे काय मधीच? सोळा.”

“मी आज आकडं किती म्हणलो?”

“सोळा.”

“सतरा म्हणलो.”

मी पाना ह्या हातातनं त्या हातात घेतला.

“सोळावा झाला. गडी बाजूला झालं. चाक उभं होतं. तू शिडीवर, पाठ चाकाकडं. मी म्हणलो, सतरा? तू म्हणलास, चेक.” दाजी अगदी सावकाश बोलत होते, जसं काय दुसऱ्याच कुणाचं सांगतायत. “म्हणलं, माझी हाक नीट गेली नसंल. म्हणून परत चढिवलं. परत सतरा म्हणलो. परत चेक.”

म्हणायला तोंड उघडलं, की असं काही झालंच नाही. पण झालं होतं. शिडी उतरताना दिलेला तो चेक माझ्या जिभेवर अजून होता.

“मग तिथंच का न्हाई सांगितलं?”

“कुनाम्होरं सांगू? शेठनं तुला हाकलला असता. साहेबानं कागद फाडला असता. आन तुझी अक्का तिथं बसलीया.” त्यांनी गुडघा चोळला. “मी बोलणार न्हाई कुनाला. सही करायची तर कर. पिना जागेवर असतील पण. मला काय माहीत? मला काय वर चढता येतंय?”

आणि लंगडत पुढं गेले.

इंजिनाच्या फटीतनं पलीकडचं दिसत होतं. तानूबाई एका पणतीच्या वेणीत फूल खोचत होत्या. पोरगी वर चाकाकडं बोट करून विचारत होती, आपण तितं जायाचं?

बाहेर आलो. शेठनी कागद पुढं केला.

“कर सही.”

“शेठ, मिस्त्री मी न्हवं आता?”

“व्हय, तूच.”

“मग मी सांगतो. परत चेक करायचं. एकपासनं.”

शेठच्या तोंडचं मी सगळं सांगत नाही, घरात बायका-पोरं वाचत असतील. साहेब जीपच्या बॉनेटवर बसले आणि म्हणाले, “दोन वेडे आहेत का तुमच्याकडे?” लोकांतनं एक कणीस माझ्या पाठीत येऊन बसलं. मी पाना कमरेला खोचला आणि चढलो.

“दाजी,” वरनं ओरडलो, “आकडं तुम्हीच म्हणा.”

“मी आता मिस्त्री न्हाई.”

“म्हणा म्हणतोय ना!”

“एक?”

ह्या वेळी मी चेक म्हणलं नाही. आधी हात लावला. पिन भाजत होती. ओढली, हलली नाही. चाप दोन बोटांत धरून पिळून बघितला. मग दुसऱ्या बाजूची. मग म्हणलं, “चेक.” ओरडलोही नाही. दाजींना ऐकू जाईल एवढंच.

“दोन?”

खाली शिव्या चालू होत्या. घंटा वाजत होती. सातव्या पाळण्याला हात लावला आणि तिथंच थांबलो. पिनेत काही नव्हतं, पिन चांगली घट्ट होती. पण त्या पिनेच्या डोक्यावर हिरव्या रंगाचा एक मोठा थेंब वाळलेला होता. आठ दिवसांपूर्वी पाळणे रंगवले तेव्हा पडला असणार. तो थेंब मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या दिवशी दोनदा त्या पिनेसमोर उभा राहून मी चेक म्हणलं होतं, आणि तो थेंब मला ठाऊक नव्हता. पिन असती काय आणि नसती काय, मी चेकच म्हणलं असतं.

“सात?” दाजींनी परत विचारलं.

“थांबा,” म्हणलं. “चेक.”

सोळा व्हायला अर्धा तास लागला. तोवर हलगी देवळापासनं निघून वेशीकडं सरकली. पालखी उठली होती. तानूबाईंनी वाट बघितली, बघितली आणि उठल्या. पणत्यांना हाताला धरून पालखीकडं चालायला लागल्या. जाताना वर बघून म्हणाल्या, “पुढल्या साली जगले तर बसंन रं बाबा.”

सोळावा झाला. गडी बाजूला झाले. चाक उभं राहिलं. मी शिडीला पाय लावला नाही. फळीवर उभा राहिलो, तोंड चाकाकडं करून.

खालनं आवाज आला. “सतरा?”

मी मान वळवून खाली बघितलं. दाजी इंजिनाला टेकलेले, मान वर, डोळ्यांवर हाताची सावली.

“सतरावा तुमच्या सासऱ्याच्या दारात टांगलाय!” मी ओरडलो. “तितं जाऊन बसा!”

त्यांचा सासरा म्हणजे माझाच बाप. आधी अक्का हसली खोक्यातनं, तोंडाला पदर लावून. मग लोक हसले. दाजी हसले नाहीत, पण मान हलवली.

उतरलो. शेठ म्हणाले, “काय सापडलं?”

“काय न्हाई.”

“सगळ्या पिना?”

“जागेवर.”

“चाप?”

“जागेवर.”

“मग मानाचा फेरा गेला, पुढल्या सालची जागा गेली, ती कशासाठी?”

ज्यानं चेक केलं त्याच्या हातात दाखवायला काही उरत नाही. मोडलेली पिन असती तर वर धरून दाखवली असती. माझे हात मोकळे होते. मी कमरेचा पाना काढला आणि दाजींना दिला. शेठच्या हातातला कागद-पेन घेऊन तेही दिलं.

“मिस्त्री हे हायेत,” म्हणलं. “मी फळीवरचा.”

दाजींनी गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली. सही म्हणजे काय, ‘बा’ काढायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात आपलं जेवण होईल. साहेबांनी शिक्का मारला आणि जीपमध्ये बसून गेले.

जागा गेलीच. पुढल्या साली बोरजाईला दुसऱ्याचा पाळणा लागला. तानूबाई त्यात बसल्या का नाही, मला माहीत नाही. शेठनी दाजींना हाकललं नाही. त्या पाळण्याला दुसरा मिस्त्री मिळाला नसता, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मरेपर्यंत त्या दिवसाचं उकरून काढत राहिले.

त्या संध्याकाळी अक्कानं भाकरी वाढता वाढता विचारलं, “असं काय झालतं ओ? एवढा गोंधळ कशाला घातला?”

मी ताटात बघत बसलो.

“काय न्हाई,” दाजी म्हणाले. “सोळा पाळणं हायेत, सोळा चेक झालं. आमटी वाढ.”

त्यांनी आमटी बोटानं चाखली. मग भाकरी चुरली.

पुढं अकरा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. कुठलीही जत्रा असू दे, सोळा झाले की खालनं हाक यायची, “सतरा?” आणि वरनं माझी शिवी. दर जत्रेला नवी, कारण जुनी दिली की दाजी म्हणायचे, परत. लोक जमायचे ते ऐकायला. त्यांना वाटायचं, मेव्हण्या-दाजींची थट्टा चाललीय. अक्कालाही अजून तसंच वाटतं.